देराचा इराणी पिस्ता की कॅलिफोर्नियाचा? वर्षभर दोन्ही खाऊन लिहितेय

दिवाळीला भारतात जायच्या आधी दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं की दुबईहून पिस्ता आणायचा तर कुठला, आणि दरवर्षी मी घाईत "देराला जा, इराणी घे" एवढं टाइप करून मोकळी होते. ह्यावेळी नीट लिहायचं ठरवलंय. अकरा वर्षं झाली दुबईत, घरात पिस्ता भरपूर लागतो, श्रीखंड, बासुंदी, शिवाय मुलांच्या डब्यात रोज मूठभर. गेलं वर्षभर मी दोन्ही आणले, एक देराच्या, म्हणजे जुन्या दुबईतल्या भागाच्या, स्पाइस सूकमधल्या (मसाल्याच्या बाजारातल्या) एका म्हाताऱ्या इराणी दुकानदाराकडचा सुटा पिस्ता आणि दुसरा हायपरमार्केटमधला कॅलिफोर्नियाचा पाकीटबंद. मध्ये मध्ये राजकारण येईल, त्याला इलाज नाही, ह्या दोन पिस्त्यांची गोष्ट अमेरिका-इराणच्या भांडणाशिवाय सांगताच येत नाही हे मला ह्या वर्षात कळलं.

आधी दुकान. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर अल रासला उतरायचं आणि खाडीच्या दिशेने चालत यायचं, बर दुबईकडून येत असाल तर अब्रात, म्हणजे छोट्या होडीत, बसा, एक दिरहम पडतो. काठाला लाकडी गलबतं लागलेली असतात, त्यातली बरीच पलीकडे इराणला जाणारी, वर फ्रिज, टायर, खोकी असं काय काय रचलेलं असतं. गल्लीत शिरलं की वाळलेल्या काळ्या लिंबांचा आणि गुलाबकळ्यांचा वास येतो. दुकानाचं नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, आपण त्यांना आगा म्हणू, मी पण तेच म्हणते. ते मला खानुम म्हणतात. चाळीस वर्षं इथे आहेत त्यामुळे हिंदी आपल्यापेक्षा झकास बोलतात.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी बोट दाखवून "जर्दाळू केवढ्याला" विचारलं आणि ते एकदम थांबले, म्हणाले परत बोल. त्यांच्याकडे पण जर्दालूच म्हणतात! मग आम्ही तिथे उभ्या उभ्या दहा मिनिटं शब्दच काढत बसलो, बदाम, अंजीर, किसमिस, तराजू, दुकान, बाजार, पिस्त्याला ते पेस्ते म्हणतात आणि आतल्या गराला मग्ज, म्हणजे आपला मगजच की. शाळेत फारसीतून मराठीत आलेले शब्द पाठ केले होते, पण त्या भाषेचा माणूस समोर उभा राहून एकेका पोत्यावर हात ठेवून तेच शब्द म्हणतोय हे वेगळंच असतं.

आता माल. सगळ्यांना वाटतं इराणी पिस्ता म्हणजे एकच काहीतरी, तसं नाहीये. आगांकडे चार पोती शेजारी शेजारी असतात. फंदोगी म्हणजे गोल, छोटा, सगळ्यात स्वस्त. फंदोग म्हणजे हेझलनट, त्या आकाराचा म्हणून फंदोगी. अहमद आगाई लांबट, टरफल पांढरंशुभ्र. कल्ले कूची म्हणजे मेंढ्याचं डोकं, जाडजूड, रुंद. आणि अकबरी, सगळ्यात लांब, सगळ्यात महाग. २०२५ मध्ये मला अकबरी खारवलेला किलोला सत्तर-पंचाहत्तर दिरहमच्या आसपास पडला, फंदोगी त्याहून बराच कमी. भाव वरखाली होत असतो आणि हे पिस्ता भरलेलं दुबई चॉकलेट जगभर गाजल्यापासून सगळ्याच पिस्त्याला मागणी वाढलीये, ते लक्षात ठेवून जा.

ज्याचं तोंड आपणहून उघडलंय त्या पिस्त्याला इराणी लोक खंदान म्हणतात, म्हणजे हसरा. बंद राहिला तो दहन बस्ते, तोंड मिटलेला. आणि तिसरा एक प्रकार असतो तो ओळखायला मला आगांनी शिकवलं, आब खंदान, म्हणजे पाण्याने हसवलेला. बंद पिस्ते पाण्यात भिजवून मग यंत्राने फोडतात आणि चांगल्या मालात मिसळून देतात. त्यांनी दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि खिडकीकडे न्यायला सांगितलं. खऱ्या हसऱ्या पिस्त्याची फट टोकापासून शिवणीवर सरळ जाते, कडा गुळगुळीत, बोटाला लागत नाही. फोडलेल्याची कड दातेरी, कुठे कुठे कपचा उडालेला, शिवण सोडून फट बाजूला गेलेली. एकदा बघितलं की परत चुकत नाही. कुठल्याही दुकानात घ्या, मुंबईला मस्जिद बंदरला घ्या नाहीतर वाशीच्या मार्केटला, आधी एक मूठ घेऊन कडा बघा.

आता चव. मी घरी दोन वाट्या घेऊन बसले, एकात अकबरी, दुसऱ्यात कॅलिफोर्नियाचा भाजलेला खारा. इराणी दाणा आधी टरफल चोखतानाच वेगळा कळतो, मीठ बारीक आणि त्यात लिंबाची आंबटशी चव, कारण ते भाजताना लिंबू लावतात, काही दुकानं केशरपाणीही मारतात. गर बाहेर काढला की वरची साल जांभळट, आत हिरवट पिवळा. चावला की आधी कुरकुरीत आणि मग लगेच लोण्यासारखा, तेल सुटतं, बोटांना लागतं. गिळून झाल्यावरही चव मागे राहते. मी कच्चाही खाल्ला, त्यात तर दुधासारखा गोडवा आहे.

कॅलिफोर्नियाचा मोठा, गोलसर, एकासारखा एक. शंभर दाणे काढा, शंभरही सारखे. टरफल स्वच्छ, फट रुंद, नखाने पटकन निघतो, मुलांना द्यायला ह्याच्यासारखा नाही. चव चांगलीच आहे, खोटं कशाला बोलू, पण मीठ आधी कळतं आणि पिस्ता नंतर. तेल कमी वाटतं, चावताना थोडा कोरडा. किडका किंवा खवट दाणा मला वर्षभरात जेमतेम एकदोन मिळाले, आगांच्या मालात त्याहून जास्त मिळाले हे पण सांगायला हवं. कारण साधं आहे, तिकडे यंत्राने झाड हलवून पिस्ता खाली पडू न देता गोळा करतात आणि चोवीस तासांच्या आत सोलून वाळवायला घालतात. इराणमध्ये हाताने तोडणी, बऱ्याच ठिकाणी उन्हात वाळवणी. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष ह्या पिकाचा जुना शत्रू, १९९७ मध्ये युरोपने इराणी पिस्ता त्याच्यामुळे काही काळ बंदच केला होता. म्हणून काळसर, सुरकुतलेला, कडवट लागलेला दाणा थुंकून टाका, कुठल्याही देशाचा असू दे.

इथपर्यंत साधा रिव्ह्यू झाला असता. पण ऑफिसात एक गोष्ट घडली.

धनत्रयोदशीला मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत फराळ ठेवला, चकली, शंकरपाळे, आणि शेजारी दोन वाट्या पिस्ता, चिठ्ठी लावून, इराण आणि कॅलिफोर्निया. आमच्याकडे एक अमेरिकन सहकारी आहे, फ्रेझ्नोच्या जवळच्या खेड्यातला, घरची माणसं शेतकरी. त्याने चिठ्ठ्या वाचल्या आणि उजवीकडच्या वाटीतलेच घेतले. मी म्हटलं अरे डावीकडचा खाऊन बघ, त्यासाठीच ठेवलाय. तो जरा अडखळला, मग शांतपणे म्हणाला की अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहत असला तरी इराणी मालाचा व्यवहार करणं निर्बंधांखाली येतं, दरवर्षी ट्रेनिंगमध्ये सांगतात, एक दाणा खाल्ला म्हणून कोणी पकडणार नाही हे मला कळतं पण माझ्या हाताला आता सवयच झालीये बाजूला राहायची. त्याचा हात खरंच वाटीच्या काठापर्यंत जाऊन मागे आला. मला त्याचं वाईट वाटलं, त्याच्या घरी पिस्त्याची बाग आहे, ह्याच्याएवढी पिस्त्याची पारख त्या खोलीत कुणाला नसेल आणि नेमका तोच खाऊ शकत नाही.

मग त्याने विचारलं, इराणी जातीचं नाव काय. मी अकबरी सांगितलं आणि विचारलं तुमची कुठली. तो म्हणाला कर्मन, आमच्या शेजारच्या गावाचं नाव आहे.

मी म्हटलं थांब. फ्रेझ्नो काउंटीत केर्मन नावाचं गाव आहे हे खरं, पण ते नाव दोन जमीनमालकांच्या आडनावांची पहिली तीन तीन अक्षरं जोडून केलंय, केर्कहॉफ आणि मॅन्सार. पिस्त्याचं केर्मन म्हणजे इराणचं केर्मन, वाळवंटाच्या कडेचा मोठा प्रांत, ज्यात रफसंजान शहर आहे, ज्यात आगांचं घर आहे. नुसता योगायोग. त्याला हे माहीतच नव्हतं, लहानपणापासून ज्या झाडांखाली खेळला त्यांचं नाव इराणी शहराचं आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं त्याला.

आणि ती गोष्ट खरीच आहे, आगांनीही सांगितली होती, मी नंतर वाचूनही खात्री करून घेतली. १९२९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक वनस्पतीतज्ज्ञ इराणला गेला, त्याचं नाव विल्यम व्हाइटहाउस, हो, आडनाव खरंच व्हाइटहाउस. सहा महिने बागांमधून आणि बाजारांमधून फिरला, ढिगांतून एकेक दाणा निवडून नऊ-दहा किलो बी घेऊन परत गेला. कॅलिफोर्नियात चिको नावाच्या गावात सरकारी केंद्र होतं तिथे ते लावलं. पिस्त्याच्या झाडाला नीट फळ धरायला सात-आठ वर्षं सहज जातात, त्यामुळे निवड करण्यात वर्षानुवर्षं गेली, आणि त्या सगळ्या रोपांतून शेवटी एक झाड सरस निघालं. त्याचं बी रफसंजानच्या आगाह कुटुंबाच्या बागेतलं होतं. त्याला केर्मन नाव देऊन १९५७ मध्ये जाहीर केलं. अनेक वर्षं कॅलिफोर्नियातला जवळजवळ सगळा पिस्ता ह्या एका जातीचा होता, आता गोल्डन हिल्स, लॉस्ट हिल्स अशा नव्या जाती आल्यात, त्याही तिथल्याच विद्यापीठाने काढलेल्या. म्हणजे माझ्या त्या दोन वाट्या मुळात एकाच गावच्या.

तेव्हा दोन्ही देशांचं बरं होतं असं वाटेल, पण मधे १९५३ आहे. मोसद्देग नावाचा पंतप्रधान, इराणचं तेल इराणच्या ताब्यात घेतलं म्हणून ब्रिटन चिडलं, ऑगस्टमध्ये सीआयए आणि ब्रिटिशांनी मिळून त्याला पाडलं आणि इराणच्या राजाची, शहाची, पकड घट्ट केली. आगा तेव्हा जन्मले पण नव्हते, पण बोलताना महिन्याचं नाव त्यांच्या कॅलेंडरचं घेतात, २८ मोर्दाद, जसं आपल्याकडे जुनी माणसं पानशेत म्हटलं की वर्ष सांगत नाहीत तसं. अमेरिकन सहकाऱ्याच्या घरात मात्र तारीख लक्षात आहे ती ४ नोव्हेंबर १९७९ची, तेहरानमधली वकिलात विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतली, ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस होती, त्याच्या आजोबांनी त्या काळात, ते सुटून परत यावेत म्हणून, दारासमोरच्या झाडाला पिवळी रिबन बांधून ठेवली होती. दोघांचं खरं आहे. दोघांना एकमेकांची तारीख फारशी ठाऊक नाही, हे मला फार खटकतं. भांडण एवढं लांबलं त्यात ह्याचा वाटा असणारच असं मला वाटतं.

ओलीस प्रकरणामुळे एप्रिल १९८० मध्ये राजनैतिक संबंध तुटले ते आजतागायत. तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडची वकिलात बघते, वॉशिंग्टनमध्ये इराणचं काम पाकिस्तानच्या वकिलातीखाली चालतं. आणि पिस्ता? त्याआधी अमेरिकेत खाल्ला जाणारा बहुतेक पिस्ता इराणचा होता. कॅलिफोर्नियाचं पहिलं व्यापारी पीक आलं १९७६ ला, म्हणजे झाडं जेमतेम फळं धरायला लागली आणि तेवढ्यात समोरचा गाळाच बंद झाला. १९८१ ला ओलीस सुटले, माल परत यायला लागला, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनी तक्रार केली की इराण स्वस्तात माल ओततोय, आणि १९८६ मध्ये कच्च्या पिस्त्यावर २४१ टक्के अँटी-डंपिंग ड्युटी बसली. पुढच्याच वर्षी रीगननी इराणी मालाची आयातच बंद केली.

मला सगळ्यात धरून ठेवणारी गोष्ट २००० सालची वाटते. मार्चमध्ये, नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, तोंडावर, मॅडलिन अल्ब्राइट परराष्ट्रमंत्री होत्या, त्यांनी भाषणात १९५३ मध्ये अमेरिकेचा हात होता हे उघड मान्य केलं आणि त्याच भाषणात जाहीर केलं की गालिचे, कॅव्हियार, सुका मेवा आणि पिस्ता ह्यावरची बंदी उठवतोय. म्हणजे दोन देशांनी वीस वर्षांनी एकमेकांकडे हात पुढे करायचा तर हातात काय होतं, पिस्ता. पण ती २४१ टक्के ड्युटी तशीच राहिली, त्यामुळे प्रत्यक्षात माल फारसा गेलाच नाही. आगा सांगतात त्यांचा भाऊ तेव्हा खूश होऊन नवीन खोकी छापून बसला होता, इंग्रजी अक्षरांत, ती खोकी घरात कित्येक वर्षं पडून होती. २०१० मध्ये परत बंदी. जुलै २०१५ मध्ये व्हिएन्नाला अणुकरार झाला, जानेवारी २०१६ पासून परत परवानगी. मे २०१८ मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले, ऑगस्टमध्ये परत बंद. पिस्त्याच्या झाडाला नीट पीक द्यायला जेवढी वर्षं लागतात तेवढ्यात ह्यांचं उघडून, मिटून, उघडून, मिटून होतं, शेतकऱ्याने काय भरवशावर लावायचं?

दरम्यान कॅलिफोर्निया पुढे निघून गेला. आता जगात सगळ्यात जास्त पिस्ता अमेरिका पिकवते, त्यातला जवळजवळ सगळा, ९९ टक्के म्हणतात तो, एकट्या कॅलिफोर्नियाचा, २०२३ च्या हंगामात जवळपास दीड अब्ज पौंड निघाला. इराण मागे पडलाय. दुबईच्या हायपरमार्केटमध्ये तुम्हाला पुढच्या शेल्फवर ते पाकीट दिसतं आणि इराणी शोधायला देराला यावं लागतं ते ह्यामुळेही.

२०२५ चा जून मी विसरणार नाही. एप्रिलपासून मस्कतला आणि रोमला अमेरिका-इराणची बोलणी चालू होती, ओमानवाले मध्ये बसून निरोप इकडून तिकडे करत होते, आगांच्या दुकानात फोनवर सतत बातम्या लागलेल्या असायच्या आणि ते मला सांगायचे की ह्यावेळी होईल. सहावी फेरी १५ जूनला ठरली होती. १३ तारखेला इस्रायलचे हल्ले सुरू झाले, २२ ला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, २३ च्या रात्री इराणने कतारमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली. त्या रात्री इथलंही आकाश थोडा वेळ बंद होतं, पुण्याहून आईचे फोनवर फोन, तुम्ही ठीक आहात ना. दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली. मी त्या आठवड्यात देराला गेले, पिस्ता नको होता, नुसती गेले. आगा स्टुलावर बसले होते आणि रफसंजानला बहिणीचा फोन लागत नव्हता, इराणमध्ये इंटरनेट बंद केलं होतं. ते एक एक पिस्ता सोलून गर वेगळा आणि टरफल वेगळं करत होते, खात नव्हते, समोर हिरवा ढीग झाला होता. मी पण शेजारी बसून सोलायला लागले. तासभर आम्ही काही बोललो नाही.

त्यांची मुलगी लॉस एंजेलिसला असते, वेस्टवुडच्या बाजूला, जिथे इराणी लोकांची एवढी वस्ती आहे की त्या भागाला तेहरांजेलिस म्हणतात. तिच्याकडे जायचा व्हिसा आगांना मिळत नाही, ट्रम्पच्या २०१७ च्या प्रवासबंदीच्या वेळीही नाही आणि जून २०२५ पासून तर परत इराणी पासपोर्टवर दार लागलंय. तीच दोन-तीन वर्षांनी इथे येते. हिवाळ्यातली सगळ्यात मोठी रात्र, यल्दा म्हणतात, त्या रात्री घरात डाळिंब, कलिंगड आणि मिश्र सुकामेवा लागतोच, त्याला आजील म्हणतात. गेल्या यल्दाला व्हिडिओ कॉलवर तिने वाटी कॅमेऱ्याजवळ धरली, त्यात कॅलिफोर्नियाचे पिस्ते, दुसरे कुठून आणणार. आगांनी चष्मा लावून बघितलं आणि मला सांगताना म्हणाले, फट चांगली होती, आमचंच पोर आहे ते, फक्त पाणी तिकडचं प्यायलंय.

पाण्यावरून आठवलं. धनत्रयोदशीचं मी आगांना सांगितलं, अमेरिकन खाऊ शकला नाही, बाग आहे त्यांची वगैरे. मला वाटलं ते रागावतील किंवा हसतील. त्यांनी एकच विचारलं, त्यांच्याकडे विहिरी किती खोल गेल्यात? मी सोमवारी ऑफिसात तसाच प्रश्न विचारला. सहकारी खुर्ची ओढून बसला आणि अर्धा तास सांगत होता, दुष्काळात काकांची बोअर आटली, आणखी खोल खणावी लागली, सॅन वाकिन खोऱ्यात एवढं पाणी उपसलंय की जमीनच खाली बसलीये, २०१४ मध्ये राज्याने भूजलाचा कायदा केला, त्यामुळे पुढे काही बागा सोडाव्या लागतील. मी ते सगळं आगांना सांगितलं. रफसंजानला पण जमीन बसलीये, घरांना भेगा, पाणी खारं लागायला लागलंय, जुने कनात म्हणजे डोंगरापासून जमिनीखालून आणलेले पाण्याचे बोगदे कोरडे पडलेत, कितीतरी बागा उभ्या वाळल्या. पिस्ता खाऱ्या पाण्यावर तग धरतो म्हणून दोन्हीकडे लोकांनी तो आणखी लावला आणि आणखी उपसलं. आगांनी ऐकून मान हलवली आणि म्हणाले त्याच्या काकांना सांग, नवीन लावू नका, आहेत ती जगवा. मी सांगितलं.

असं गेले काही आठवडे चालू आहे. हे दोघं एकमेकांना भेटलेले नाहीत आणि भेटतील असंही वाटत नाही, एक खाडीच्या ह्या बाजूला, दुसरा शेख झायेद रोडवरच्या टॉवरमध्ये, मेट्रोने पाऊण तास. स्वित्झर्लंडवाले पंचेचाळीस वर्षं हेच करतायत, फक्त त्यांच्याकडे असे साधे प्रश्न येत नसावेत.

बरं, आता ज्यांना फक्त काय घ्यायचं ते वाचायचंय त्यांच्यासाठी. नुसता खायला, पाहुण्यांपुढे ठेवायला अकबरी किंवा अहमद आगाई, डोळे मिटून. मुलांना, प्रवासात, डब्यात कॅलिफोर्निया, सोलायला सोपा आणि दाणा खराब निघायची भीती कमी. श्रीखंड, बासुंदी, बर्फीवर घालायला भाजलेला खारा कुठलाच घेऊ नका, आगांकडे सोललेला कच्चा हिरवा गर मिळतो, वरची साल पण काढलेली, महाग आहे पण शंभर ग्रॅम पुरतो, काप करून केशराच्या दुधावर टाकला की रंग तसाच हिरवा राहतो. कॅलिफोर्नियाच्या गराचा रंग पिवळटपणाकडे जातो, चवीला चालतो, दिसायला नाही. बजेट कमी असेल तर फंदोगी घ्या, दिसायला साधा, चव अकबरीच्या फार मागे नाही, आमच्या घरी रोजचा तोच.

ठेवायचं कसं, तर हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये, वर्षभर राहतो. बाहेर ठेवला तर दुबईच्या काय आणि मुंबईच्या काय, हवेत महिन्या-दीड महिन्यात खवट वास येतो, तेल जास्त असल्यामुळे इराणी आधी जातो. भारतात नेणार असाल तर सुटा न नेता दुकानात व्हॅक्यूम करून घ्या, पैसे लागत नाहीत.

इराणीला मी चवीसाठी पाचपैकी पाच देते, निवडीसाठी साडेतीन, कारण प्रत्येक मुठीत एखादा खराब निघतोच. कॅलिफोर्नियाला चवीसाठी साडेतीन, निवडीसाठी पाच. आगांच्या दुकानाला पाच. कधी जाल तर ऑक्टोबर संपता संपता जा, नवीन पीक तेव्हा येतं, शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला बंद असतं त्यामुळे चारनंतर.

मी ह्या शुक्रवारी जातेय. फंदोगी संपलाय, आणि सहकाऱ्याचा एक प्रश्न पोचवायचाय. पिस्त्यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं असतं, वाऱ्याने पराग जातात, आणि काकांच्या बागेत दोन वर्षं दाणे पोकळ निघतायत. रफसंजानला किती माद्यांमागे एक नर लावतात ते त्याला विचारायचंय.